टोळची हजेरी

माझ्या थोरल्या बहिणीला सगळे टोळ म्हणायचे, कारण ती लांब उडी मारायची. त्या उडीवरच कॉलेजने तिची फी माफ केली होती. दुसऱ्या वर्षी तिचा गुडघा कायमचा गेला. नियम असा, की दुखापत झाली म्हणून मदत काढून घेता येत नाही. पण खेळाडूने रोज सरावाला हजर राहिलंच पाहिजे. म्हणजे मदतही द्यायची आणि रोज जखमेवर मीठही चोळायचं, अशी यांची दया!

"नुसती बाकावर बसून राहा गं," कोच म्हणाले.

"बसून खायची सवय नाही, सर," म्हणत तिने दंताळं उचललं. पदवी मिळेपर्यंत रोज सकाळी, संघाचा टी-शर्ट घालून, ती इतर मुलींच्या उड्यांनी वाळूत पडलेले खड्डे बुजवत राहिली.

शेवटच्या सकाळी मी तिला न्यायला गेलो. मैदान रिकामं होतं. वाळू सपाट करून झाल्यावर ती कडेकडेने लंगडत गेली, आणि तिची सर्वांत लांब उडी जिथे पडली होती, तिथे तिने एक अनवाणी पाऊल हलकेच टेकवलं.

मग दंताळ्याने तेही बुजवलं.