बैलाला विच, माणसाला हूम

बसलिंगप्पा सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते उमरग्याच्या मोटारअड्ड्यावर. निजामाचं राज्य होतं. पत्र्याची पेटी घेऊन मी येरमाळ्याहून तिथल्या शाळेत कच्च्या नोकरीवर इंग्रजी शिकवायला आलो होतो आणि सर त्या शाळेत इंग्रजीचे थोरले शिक्षक होते. नाव विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "जेवलात का?" मी भिडेनं हो म्हणालो. "खोटं बोलू नगा, तोंड वाळलंय की!" म्हणत त्यांनी माझी पेटी उचलली. त्या दिवशी त्यांच्या घरी मी चार भाकरी खाल्ल्या.

शाळा उर्दूतून, मुलं घरी मराठी नाहीतर कानडी बोलणारी, आणि वर हे इंग्रजी! 'सम ऑफ हूम', 'टू ऑफ विच' आलं की भल्याभल्यांची बोबडी वळे. सर सरळ पुस्तक मिटत आणि म्हणत, "आपापल्या घरचं सांगा." मग काकांच्या सहा बैलांपैकी दोन लाथा मारतात, हे एका दमात इंग्रजीत येई: 'माय अंकल हॅज सिक्स बुलक्स, टू ऑफ विच किक.' माणसं असतील तर हूम, जनावरं आणि वस्तू असतील तर विच, एवढाच त्यांचा नियम. जळकोटचा एक मुलगा बैलांना हूम लावून हट्टाला पेटला, "आमच्या घरातलीच हायत ती!" सर पोट धरून हसले. "घरी हूम म्हण बाबा, परीक्षेत तेवढं विच लिही."

एकदा शाळा तपासायला शिक्षणखात्याचे मोहतमिमसाहेब आले. सर माझ्या वर्गात त्यांच्याबरोबर उभे होते; त्या वर्गाचे काही तास तेही घेत. साहेबांनी उठवलेल्या मुलानं फळ्यावर लिहून ठणकावून वाचलं, 'वी हॅव फाइव्ह टीचर्स, ऑल ऑफ देम आर स्ट्रिक्ट.' दोन पुरी वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं चिकटवलेली. तिथं 'ऑल ऑफ हूम' हवं होतं. साहेबांचा आवाज चढला, "ये किसने पढ़ाया?"

शिकवलं होतं मी. आदल्याच आठवड्यात, फळ्यावर, ठासून! पण नोकरी कच्ची, घरी आठ तोंडं. मी खाली मान घालून हजेरीची वही चाळू लागलो.

"मैंने, हुजूर," सर शांतपणे म्हणाले.

साहेबांनी तपासणीच्या वहीत सरांच्या नावानं कडक शेरा मारला. सर मुख्याध्यापक होणार हे जवळजवळ ठरलं होतं. त्या शेऱ्यापायी ती जागा दुसऱ्याला गेली. मी पक्का झालो. रडकुंडीला येऊन त्यांच्याकडे गेलो, तर म्हणाले, "अवो, तुमची नोकरी गेली असती. माझी काय जाती? पानाला चुना लावा आन् गप ऱ्हावा."

मी गप्पच राहिलो. भाषणं केली, सरांचा शिष्य म्हणून मिरवलो, पण ही गोष्ट कुठं बोललो नाही. माझी मलाच लाज वाटते. आज सरांच्या पंच्याहत्तरीच्या या ग्रंथात, त्यांना चाहणाऱ्या सर्वांसमोर लिहून टाकतो: ते वाक्य माझं होतं. सरांनी आयुष्यात चुकीचं इंग्रजी कधी शिकवलं नाही.

सर, हे वाचून तुम्ही "जाऊ द्या हो" म्हणाल. म्हणू नका. चाळीस वर्षं तुम्ही मला एकदाही रागावला नाहीत. आता पोटभर रागवा, आणि त्यासाठी तुम्हाला ठणठणीत प्रकृती आणि अजून पुष्कळ वर्षं लाभोत. मी समोर उभा आहे.