उन्हात मान टाकणारी पॅनेलं

त्रिशला मगदूम छपरावर चढायची ती साडीचा काचा मारून, आणि खालून कोण बघतंय याची तिला फिकीर नसायची. कुंडलला तिच्या वडिलांची, अजितकुमारांची, द्राक्षबाग होती. पोरीनं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला तेव्हा ते म्हणाले होते, शिकलीस ते बरं झालं, पण खांबावर चढू नकोस. खांबावर ती चढली नाही. शहाण्णव साली तिनं सांगलीच्या एका ठेकेदाराकडं नोकरी धरली आणि वीज न पोचलेल्या वस्त्यांवर सौरदिवे बसवत फिरायला लागली.

जतच्या बाजूच्या एका धनगरवस्तीवर तिनं ऐन थंडीत दिवे बसवले. ते झकास चालले. पण होळी झाली, ऊन तापलं आणि दिवे जेवणं उरकायच्या आत विझायला लागले. ठेकेदार भाऊसो जीपमधून आले आणि वस्तीलाच बोल लावून गेले. लोक दिव्याच्या बॅटरीवर चोरून टेप लावतात, असं त्यांचं म्हणणं. पहिलं पॅनेल जिच्या छपरावर बसलं होतं ती तानुबाई एवढंच म्हणाली, "टेपच न्हाई आमच्याकडं, तर वाजवू काय?"

त्रिशलाचा त्या बाईवर विश्वास होता. भर दुपारी ती छपरावर चढली. पॅनेलला हात लावला तर चटका बसला. आकाश निरभ्र, ऊन रणरणतं, तरी कंट्रोलरवरचा करंटचा काटा जेमतेम हलत होता. पॅनेलातल्या चकत्या, म्हणजे वीज तयार करणारे सेल, तिनं मोजल्या. छत्तीस हव्यात, तिथं तेहतीसच होत्या. मग तिला उलगडा झाला. पॅनेल तापलं की त्याचा विजेचा दाब उतरतो. वरच्या टाकीत पाणी चढवायला पंपात जोर लागतो, तसा बॅटरी भरायलाही दाब लागतो. थंडीत तेहतीस चकत्यांवर निभावलं होतं. या उन्हात त्यांनी मान टाकली होती.

भाऊसोंना तिनं पुन्हा वस्तीवर आणलं. त्यांनी तोडगा काढला, की कंट्रोलर नवा, मोठा बसवू. त्रिशला म्हणाली, हा कंट्रोलर म्हणजे दारावरचा राखणदार; बॅटरी भरली की दार लावतो. जो जोर पॅनेलातच नाही तो हा कुठून आणणार?

"कंपनीनं तपासलेला माल आहे," भाऊसो म्हणाले. "पंचवीस डिग्रीला."

"मग पंचवीस डिग्री असेल तिथं न्या. इथं माणसं राहतात."

पॅनेल गार करून दाखवायला पाणी हवं होतं, आणि वस्तीवर टँकर आला नव्हता. तरी तानुबाई घरात गेली आणि होती ती कळशी घेऊन आली. "वता," ती म्हणाली. "हुंदे एकदाचं." त्रिशलानं गोणपाट भिजवून पॅनेलच्या पाठीला लावलं. पॅनेल निवत गेलं तसा काटा हळूहळू वर सरकला. सगळ्या वस्तीनं तो पाहिला. भाऊसोंनी घड्याळ पाहिलं आणि पुढच्या वर्षी बघू म्हणून जीपकडं निघाले.

दुसऱ्या दिवशी त्रिशलानं बाप्यांना हाताशी घेऊन सगळी पॅनेलं उतरवली, टेम्पोत भरली आणि सांगलीत भाऊसोंच्या दुकानाच्या दारात ओळीनं मांडली. रस्त्यावरचे लोक थांबून विचारायला लागले. ती प्रत्येकाला सांगत होती, आवाज न चढवता. भाऊसोंनी तिला आत बोलावलं. ती गेली नाही. "जे बोलायचं ते इथंच बोला," ती म्हणाली.

आठवड्याभरात वस्तीवर छत्तीस चकत्यांची पॅनेलं आली. त्रिशलाची नोकरी मात्र गेली. अजितकुमार तिला घरी न्यायला आले, तर तिनं जतला स्वतःच्या दुकानासाठी गाळा बघून ठेवला होता. ते तिच्याबरोबर गाळ्यावर गेले. शटर जड आहे म्हणून त्यांनी ते उघडायला तिला हात दिला.

पुढं त्या गाळ्यात गिऱ्हाईक येऊन स्वस्तातलं, कमी चकत्यांचं पॅनेल मागायचं. सांगलीत मिळतं, तुमी का देत न्हाई, असं भांडायचं. तिचं उत्तर ठरलेलं असायचं: सांगलीत घ्या, माझ्याकडं मिळणार नाही. काहीजण तणतणत निघून जायचे. ती त्यांना परत बोलवायची नाही.