रंगाखाली बसलेला फिल्टर

घरात माझा हात सगळ्यांत लहान, म्हणून मला ट्रकखाली जावं लागलं. तसे घरात आम्ही दोघंच उरलो होतो, पप्पा आणि मी. आईला जाऊन वर्ष झालं होतं आणि भाऊ फौजेत, पार वर बर्फात. पुण्याची खोली सोडून मी गावी, कोरेगावच्या घरी आले होते आणि लॅपटॉपवर घरूनच काम करत होते. हे थोड्या दिवसांसाठी आहे असं मी धरून चालले होते. पप्पांनी तसं धरलं नव्हतं.

गणपती झाल्यावर एका जेवणात ते म्हणाले, आता ट्रक विकून टाकतो, तू आहेस तर दोघं घरीच राहू. मी मान डोलावली. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे पप्पांच्या बोलण्यापुढे माझी मराठी मलाच पुस्तकातली वाटते. त्यांच्याशी मी मोजकंच बोलते. पुढे मला बंगळूरच्या एका कंपनीत नोकरी मिळाली, तेव्हाही त्यांना सांगितलं नाही. कंपनीला दसऱ्यानंतरच्या सोमवारी उत्तर हवं होतं.

पप्पा फौजेतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, पण आमच्याकडे फौजेतून आलेल्या कुणालाही मेजरच म्हणतात. आल्याबरोबर त्यांनी हा ट्रक घेतला. रोज पहाटे उठून जायला त्यांना एक ठिकाण होतं. ट्रक विकला की त्यांच्याकडे फक्त मी राहणार होते, आणि तसं झालं तर मला निघता येणार नव्हतं. हे मला रोज दिसत होतं आणि रोज मी गप्प बसत होते.

गिऱ्हाईक आटपाडीचं होतं. घरची मेंढरं होती, आता डाळिंबाची बाग केली होती आणि माल न्यायला स्वतःची गाडी हवी होती. दसऱ्याला सकाळी ट्रक घरी न्यायचा म्हणून ते आदल्या दिवशी आले. आमचा ट्रक ऑटोमॅटिक गिअरचा, आमच्या भागात असे कमी. त्यामुळे त्यांची एकच अट होती. गिअरबॉक्सचा फिल्टर आपल्या डोळ्यांसमोर काढायचा, आतल्या तेलात लोखंडाचा चुरा दिसला तर व्यवहार नाही. आज बघायला मिळालं नाही तर सांगलीत दुसरी एक गाडी बघून ठेवली आहे, हेही त्यांनी सांगून टाकलं.

फिल्टर म्हणजे गिअरबॉक्सच्या पोटाला आट्यांवर फिरवून बसवलेला लोखंडी डबा. तो हातानेच आवळायचा असतो. पप्पांचा हातावर विश्वास नाही, त्यांनी मागच्या वेळी तो पान्याने आवळला होता. त्यात दसऱ्यासाठी गाडी रंगवताना त्यांनी पेंटरला खालूनही मार म्हणून सांगितलं, आणि त्याने चासीच्या सांगाड्यासकट फिल्टरवरही चंदेरी रंगाचे दोन हात मारले. आता डबा आणि गिअरबॉक्स यांच्यामधली फटसुद्धा दिसत नव्हती.

फिल्टरचा पाना घरातच होता, पण तो दिवस खंडेनवमीचा. सगळे पाने, जॅक, हातोडी देवघरासमोर पाटावर मांडून, हळदकुंकू वाहून पूजेला ठेवलेले. त्यांना दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. पप्पांनी आत जाऊन पाटाकडे पाहिलं आणि तसेच बाहेर आले. गिऱ्हाईकच म्हणाले, "हत्यार उचलू नगा मेजर. माज्या गाडीला पयल्याच दिवशी कशाला काय लावून घ्यायचं?" मग त्यांनी पिशवीतून मेंढरं बांधायचा दोर काढला. "ह्याला कुनी हत्यार म्हनत न्हाई," म्हणाले.

दोर डब्याला दोन वेढे देऊन बाहेरून ओढायचा, म्हणजे डबा फिरेल. पण फिल्टरशेजारी चासीचा आडवा पट्टा होता आणि पप्पांचा पंजा त्यातून जात नव्हता. माझा गेला, पण मनगटापर्यंतच. हात परत काढताना बोटांची हाडं पट्ट्यावर घासली. मी उताणी पडले होते, नाकावर वीतभर अंतरावर गिअरबॉक्स, शेजारी पप्पाही आडवे, त्यांचा श्वास माझ्या कानापाशी. आधी चमच्याच्या दांड्याने मी रंग खरवडला. डोळ्यांत चंदेरी कपच्या पडत होत्या. मग दोर गुंडाळला. बाहेरून गिऱ्हाइकांनी ओढला तशी पट्ट्यात अडकलेली माझी बोटं आणखी दाबली गेली आणि डबा जराही हलला नाही. दोर मी उलट्या बाजूने गुंडाळला होता, ओढला की डबा आणखी आवळत होता. ते मला पहिल्याच ओढीला कळलं. मी बोलले नाही. त्यांनी पुन्हा ओढला, मग पुन्हा.

पप्पा मान वळवून बघत होते. "उलटा घातलायस," ते हळूच म्हणाले.

"हो."

"कळलं हुतं तुला?"

माझा हात अजून आतच होता. तो काढल्याशिवाय मला तिथून सरकताही येत नव्हतं. मी म्हणाले, "पप्पा, ट्रक विकू नका. मला बंगळूरला नोकरी लागलीय."

ते वर गिअरबॉक्सकडे बघत राहिले. बाहेर गिऱ्हाइकांच्या चपला दिसत होत्या.

"आवं मेजर, डुलकी लागली का काय खाली?"

"न्हाई," पप्पा म्हणाले. मग मला विचारलं, "कवा जायचंय?"

"ट्रक गेल्यावर तुम्ही एकटे काय करणार?"

"दोर सोड आन् सुलटा घाल," ते म्हणाले.

"पप्पा."

"त्यांनी घरात सांगितलंय, पावनं बोलावल्यात. शब्द गेलाय माजा."

मी दोर सोडला आणि सरळ बाजूने घातला. दोन ओढी फुकट गेल्या. तिसऱ्या ओढीला रंग कडकन फुटला आणि डबा फिरला. उरलेला मी बोटांनी फिरवत सोडवला, तसं लालसर तेल कोपरापर्यंत आलं. गिऱ्हाइकांनी ते पांढऱ्या फडक्यावर ओतून चोळून बघितलं. चुरा नव्हता. डबा मी परत जागेवर बसवला, हातानेच आवळून. गाडी लय सांभाळली, असं ते चहा पिताना परत परत म्हणत होते, आणि पप्पा त्यांना कुठल्या घाटात कुठला गिअर ठेवायचा ते सांगत होते.

दसऱ्याला सकाळी ट्रक झेंडूच्या माळा घालून गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे पप्पा नेहमीसारखे उठले, अंघोळ केली, खाकी शर्ट घातला आणि पायरीवर बसले. मी खिडकीतून बघत होते. उजाडलं, शेजारची मुलं शाळेला गेली, तरी ते तिथेच होते. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, जसं कुणी हाक मारली की उठायचं आहे.

सोमवारी मी कंपनीला येणार नाही म्हणून कळवलं.

त्यांनी विचारलं ते पाच-सहा दिवसांनी, मी वाढत असताना. बंगळूरचं काय झालं?

"नको म्हणून सांगितलं."

भाकरीचा तुकडा त्यांच्या हातातच राहिला. "माज्यासाठी न्हाई ना?"

"नाही," मी म्हणाले. "पगार कमी होता."

"मग ठीक हाय," ते म्हणाले, आणि जेवू लागले.