निखिलने कुत्रं शिकवलं

आमच्या ऑफिसातले जुने लोक कुठेही भेटोत, लग्नात नाहीतर विमानतळावर, प्रोजेक्टच्या गप्पा दोन मिनिटांत संपतात आणि मग गोदा सुरू होते. जो तो आपलं थोडं घालतो, त्यामुळे किश्श्यांचा नुसता ढीग झालाय. मी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगते.

आम्ही चेन्नईत, शोळिंगनल्लूरला नोकरीला होतो तेव्हाचं हे. आमच्या टीममधला फलटणचा निखिल गावाहून धनगरी कुत्रीचं पिल्लू घेऊन आला, तीच ही गोदा. त्याच्या घरमालकाने दुसऱ्याच दिवशी हात जोडले. आसरा दिला तो भीमराव मामांनी. ते तंजावरकडचे मराठी, माझ्या मैलापूरच्या घरमालकीणबाईंचे भाऊ, म्हणून आम्हा सगळ्यांचेच मामा. तिरुप्पोरूरजवळ त्यांची नारळाची बाग होती आणि बागेच्या खतासाठी पाळलेल्या मेंढ्या. अट एकच.

"पोंगलपर्यंत मेंढ्या वाड्यांत आणूं लागली तर राहील. नाहींतर फॅक्टरीवाला मागतो आहे. तो साखळीला बांधील."

निखिलचा चेहरा पडला. तिथून पुढे त्याचा एकही रविवार आमच्या वाट्याला आला नाही.

*

पहिल्याच दिवशी निखिल म्हणाला, "शिकवायचंय काय त्यात, हिच्या रक्तातच आहे!"

एका म्हाताऱ्या मेंढीने जमिनीवर पाय आपटला. गोदा जी पळाली ती निखिलच्या स्कूटरवर, पाय ठेवायच्या जागेत जाऊन बसली. बिस्किटं दाखवली तरी उतरेना.

मामा खुर्चीतूनच म्हणाले, "सेरि, बरें. रक्त मागच्या गाडीनें येत असेल. वाट पाहूं."

*

मग निखिलने इंटरनेटवरून परदेशी मेंढपाळांची पद्धत शोधून काढली. तोंडात शिट्टी. एकदा फुंकली की थांब, दोनदा फुंकली की चल. महिनाभरात गोदा शिट्टीवर अशी तयार झाली की आम्ही हरखून गेलो.

मेंढ्या पहिल्यांदाच रस्त्याकडेच्या रानात नेल्या. आता चेन्नईचा बस कंडक्टर घंटी मारत नाही, शिट्टी फुंकतो. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल! बस स्टॉपवर आली की गोदा मटकन खाली. बस सुटली की गोदा मेंढ्या घेऊन सुटली. संध्याकाळपर्यंत अख्खा कळप बसच्या वेळापत्रकावर चरत होता.

"सरकारी नोकरी लागली तिला," मामा म्हणाले.

निखिलने शिट्टी खिशात घातली आणि पुढच्या रविवारपासून तोंडाने "डावी", "उजवी", "थांब" सुरू केलं.

*

आमचे मॅनेजर रमणन सर एकदा टीम आउटिंगला बागेत आले. जेवणानंतर जो तो पांगला. सर फोनवर बोलत विहिरीकडे निघाले, तर गोदा मागून गेली, पँटचा काठ दातात धरला आणि त्यांना परत आणून माझ्याशेजारी उभं केलं. मग एकेक करून बाकीचेही आणले. निखिलच्या तोंडचं पाणी पळालं. अप्रेझल पुढच्याच आठवड्यात होतं.

सरांनी पँट झटकली, आमच्या घोळक्याकडे पाहिलं. "ही टीम मला तीन वर्षांत एका जागी आणता आली नाही. हिची जॉइनिंग डेट काय?"

*

पोंगलच्या आदल्या सकाळी मामा वाड्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. फॅक्टरीवाल्याचा माणूस टेम्पो घेऊन आलाच होता, साखळी हातात. मेंढ्या बागेच्या पार टोकाला, आमच्या डाव्या हाताला कालवा.

गोदा मेंढ्यांच्या मागे गेली. कुत्रं आपल्याकडे तोंड करून येत असलं की त्याची डावी ती आपली उजवी, हे निखिल एरवी झोपेतही सांगायचा. पण कळप एकदम कालव्याकडे वळला आणि तो ओरडला, "डावी! डावी!"

नेमकं उलटं.

गोदा थांबली. निखिलकडे बघितलं. मग शांतपणे आपल्या उजवीकडून वळसा घालून कालव्याच्या आणि मेंढ्यांच्या मधे शिरली आणि सगळा कळप मामांच्या समोरून वाड्यात घातला. शेवटची मेंढी आत गेली तेव्हा मी रडत होते. निखिल मात्र पांढराफटक. कुत्रीने सगळ्यांदेखत त्याचा हुकूम मोडला होता.

मामांनी उठून फाटकाला कडी लावली. टेम्पोवाल्याला हातानेच जायला सांगितलं. मग माझ्याकडे वळले.

"कुत्रें शिकलें. तें राहूं दे. मुलगा अजून कच्चा आहे. त्याला दर आइतवारीं पाठवीत जा."