फुलस्टॉप सरांची वाचा

जिभेला हाड नसतं म्हणतात. फुलस्टॉप सरांच्या जिभेला मात्र पाठीचा कणा होता. शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर अख्खी बिल्डिंगच वर्गात बसवली. लिफ्टजवळची नोटीस असो की कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी, खिशातलं लाल पेन निघायचंच. हल्लीची पोरं मेसेजमध्ये अक्षरं खातात, ओकेमधला ओसुद्धा त्यांना जड होतो, बातम्या देणारे क्रियापद घरी विसरून येतात, हे सांगताना सरांचा आवाज इतका कातर व्हायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, घरातलंच कुणी गेलं. भाषा सैल झाली की माणूस सैल होतो, हे त्यांचं पालुपद. लोक मान डोलवायचे आणि जिन्यात पोचल्यावर हसायचे. सर समोरून येताना दिसले की फोनवर इंग्रजी फाडणारा गडी एकदम मराठीवर यायचा. सर त्याला आदर म्हणायचे.

मग एका सकाळी दाढी करताना हातातून ब्रश गळला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली.

दवाखान्यातून घरी आणल्यावर स्पीच थेरपिस्ट यायला लागली. चुणचुणीत मुलगी. तिने घरच्यांसमोर स्पष्टच सांगितलं की पहिले काही महिने काय ते हातात आहेत. या दिवसांत मोडकंतोडकं, मराठी, इंग्रजी, जे येईल ते बोलायचं. आता जीभ झोपली तर पुन्हा उठवणं अवघड.

सरांना सगळं कळत होतं. शब्दही आत होते, पण ओठांपर्यंत येईतो त्यांचे तुकडे व्हायचे. पहिल्याच दिवशी पाणी मागायला तोंड उघडलं, तर बाहेर पडलं, "वॉटर... मी... गिव्ह." ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. वर्गात असं बोलणाऱ्याला त्यांनी बाकावर उभं केलं असतं. सरांनी ओठ मिटले ते मिटलेच. थेरपिस्ट चित्रं दाखवून दमली. मुलाने समजावलं, मग आवाज चढवला, मग ऑफिसच्या कामात तोंड लपवलं.

युक्ती काढली सुनेने. ही सून इंग्रजीच्या बाबतीत बिनधास्त. सासऱ्यांनी कितीही नाक मुरडलं तरी हिची गाडी सुसाट. ती सासूला म्हणाली की यांना गोड बोलून काही व्हायचं नाही. चुका ऐकवा. चूक ऐकून गप्प बसणं यांच्या रक्तातच नाही.

झालं. खाटेसमोर चुकांचं प्रदर्शनच लागलं. सून चहा आणायची आणि विचारायची, "बाबा, यू टी ड्रिंकिंग डिड?" वरच्या मजल्यावरचा विमा एजंट येऊन बराच वेळ बोलून गेला. त्याची तर सगळ्यांनी वाहवा केली. नंतर कळलं, तो बिचारा मुद्दाम चुकतच नव्हता. घर हसत होतं. सरांच्या कपाळावरची शीर फुगत होती.

एका दुपारी बांध फुटला. सून म्हणाली, "माय ब्रदर्स इज टू." सरांनी डावा हात उगारला.

"नो."

स्पष्ट आलं. सुनेने श्वास रोखला. स्वयंपाकघरातून सासू ओल्या हातांनी धावत आली.

"नो. युअर... टू... ब्रदर... इज... इज..."

सुनेला आनंद आवरेना. तिने टाळ्या पिटल्या आणि तिथेच घात झाला. पोराने पहिलं पाऊल टाकल्यावर वाजवतात तशा त्या टाळ्या. सर तिच्याकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

तिन्हीसांजेला दिवा न लावताच बायको खाटेच्या कडेला येऊन बसली. लग्न नवं असतानाची गोष्ट तिने सांगितली. शाळेच्या समारंभात ती पाहुण्यांशी चार वाक्यं इंग्रजीत बोलली होती, आरशासमोर घोकून घोकून. सरांनी सगळ्यांदेखत हसत हसत तिच्या चुका काढल्या होत्या. पाहुणेही हसले होते.

"तेव्हापासून तुमच्यापुढे मी इंग्रजीचा शब्द काढला नाही. तुमच्या लक्षातही आलं नाही. माझं त्यावाचून काही अडलं नाही हो. तुमचं सगळं अडलंय. चुकीचं बोला. मला चालेल."

सरांनी भिंतीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं. ओठ विलग झाले. तिने कान जवळ नेला. आतून नुसता श्वास आला. ते वाक्य जुळवत होते. आधी मनात पुरं, मग बाहेर, हा त्यांचा जन्माचा नियम. ती वाट बघत राहिली. खोलीत पुरता अंधार झाला. वाक्य काही जुळलं नाही. ओठ पुन्हा मिटले.

थेरपिस्ट आणखी काही दिवस आली. मग खाली मान घालून म्हणाली, की आता माझ्या येण्याने फरक पडायचा नाही, आणि चित्रं पिशवीत भरून गेली.

आता सर बोट दाखवतात आणि घर ओळखतं. पाणी, पंखा, उशी. कधी चुकतं. पंखा हवा असताना कुणी चादर आणून अंगावर घालतं. सर चूक काढत नाहीत. चादर घेऊन घामाने भिजत पडून राहतात.