कैलासवासी ताटं

चहा आधी संपवा, मग ऐका. नाहीतर हसता हसता सांडाल आणि पुसायचं माझ्याच गळ्यात पडेल. आमच्या घरात घासणं-पुसणं हे खातं सध्या माझ्याकडे आहे. काहून? तेच तर सांगून राहिलो!

आमच्या रायपूरच्या तात्यापाऱ्यात, पारा म्हणजे इकडचा मोहल्ला, बायकांनी एक बर्तन बँक काढली आहे. माझी बायको कुंदा तिची प्रमुख. लग्न असो, बारसं असो, स्टीलची ताटं-वाट्या फुकट न्या, घासून परत आणा. अट एकच, कार्यात थर्माकोल-प्लास्टिक नको. पूर्वी एक जेवणावळ उठली की आमची नाली तुंबायची, आता वाहते. या बँकेची कीर्ती कुंदाच्या माहेरी, हिंगणघाटला पोचली आणि तिथला बायकांचा बचत गट ती पाहायला रायपूरला यायला निघाला. पुढारी कोण? कुंदाची सख्खी भावजय, शोभावहिनी!

"एवढ्या दूर पोरगी देता?" म्हणून ज्यांनी लग्नात नाकं मुरडली होती, त्याच आता रायपूरकडून शिकणार होत्या. कुंदाचे पाय जमिनीवर नव्हते.

त्या सकाळी स्टेशनवर जाताना तिनं बँकेच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"ताटं काढून पुसून ठेवा. बाकी कायलेच हात लावू नका."

"हव," मी म्हटलं.

कपाट उघडलं आणि कपाळावर हात मारला. आता मला सांगा, आपल्याकडे भांडं दान देताना काय करतात? नाव घालतात! आणि कोणाचं? गेलेल्या माणसाचं! वरचं ताट उचललं, कै. गंगाबाई. खालचं उचललं, कै. दामोदरपंत. अख्खा पारा स्वर्गवासी होऊन आमच्या कपाटात बसलेला! पाहुणीनं वरणभात संपवला की खालून कैलासवासी वर येणार. सासुरवाडीची माणसं हो! शोभतं का?

पुढची ताटं पाहायचा धीरच झाला नाही. तेवढ्यात दारात साहू भैया उभे. शहराबाहेर सिलतऱ्याला राहतात, तिथल्याच कारखान्यात कामाला. नातवाची छट्ठी होती, म्हणजे इकडचं सहाव्या दिवसाचं बारसं; जेवणाला थोडी ताटं हवी होती.

"थोड़ी क्यों, भैया? सब ले जाओ!" म्हणत मी स्वतः त्यांच्या गाडीत भरून दिली.

मग स्कूटर काढली ती थेट गोल बाजार. चंदेरी, चकचकीत, कप्प्याकप्प्यांची डिस्पोजल ताटं आणली, टेबलावर मांडली आणि चार पावलं मागे जाऊन पाहिली. काय रुबाब! हसू नका. मला खरंच वाटलं होतं, कुंदा खूश होईल.

पाहुण्या आल्या. शोभावहिनी टेबलापाशी थबकल्या.

"अवो जवाईबापू, हेच तं आमाले गावातून हाकलायचं हाय! तेच शिकाले आलो ना आमी!"

मी कुंदाकडे पाहिलं. चिडली असती तर परवडलं असतं, पण तिचे डोळे भरले होते. माहेरासमोर तिचं नाक कापलं होतं मी.

आता तरी माणसानं गप्प बसावं की नाही? पण नाही!

"हे मुद्दाम मांडलं," मी म्हटलं. "आधी काय वापरू नये, ते दाखवून राहिलो."

"आन् वापराचं ते कुठी हाय?"

"ते... कामावर गेलं. सिलतऱ्याले, छट्ठीत."

"मंग तिथंच चला!"

घ्या! ऑटो करून बिनबोलावलेलं वऱ्हाड घेऊन मी परक्याच्या छट्ठीत हजर. साहू भैया बिचारे धावत आले. "आओ दीदी, बैठो!" आणि मग सगळ्यांदेखत माझ्याकडे वळून, "भैया, हम तो थोड़ी माँगे थे, आप ही ज़बरदस्ती सब लाद दिए!"

कुंदानं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचं वर्णन करत नाही, तुमचीही लग्नं झाली आहेत.

पंगत बसली. कैलासवासी मंडळींवर भात, कढी, उडदाचे वडे वाढले गेले. कोणाला काही वाटलं नाही हो! सगळे मजेत जेवत होते. आणि भात संपता संपता शोभावहिनींचा हात थांबला.

"कुंदे, हे तं सासूबाईचं नाव!"

"हव, वहिनी. बँकेले पयलं ताट म्या आईच्या नावानंच देल्लं. तेच तं तुमाले दाखवायचं होतं."

दोघी रडायला लागल्या. मग गटातल्या सगळ्याच. बाळाच्या छट्ठीत रडारड! साहूंची म्हातारी आई घाबरून पाणी घेऊन धावली. मी कढीत तोंड घालून बसलो. ज्या ताटाची लाज वाटून ते सिलतऱ्याला धाडलं, ते माझ्याच सासूबाईंचं निघालं!

हिंगणघाटला बँक सुरू झाली. त्यांचा पहिला नियम काय माहीत आहे? कपाटाची किल्ली जावयाच्या हाती देऊ नये. असो. मागच्या आठवड्यात वहिनींनी त्यांच्या पहिल्या ताटाचा फोटो पाठवला. त्यावर चक्क माझं नाव! मी हरखून फोन लावला.

"वहिनी, एवढा मान? पण नावाच्या आधी ही मोकळी जागा काहून सोडली?"

"कै.साठी, जवाईबापू. मागून टाकता येते."

कुंदानं फोटो मोठा करून नीट पाहिला.

"जागा बराबर सोडली वहिनीनं," ती म्हणाली. "चला, तोवर ही ताटं पुसा."