गाडीखालचं वैर

पारोळ्याच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडी आदळली आणि मागच्या सीटवर बसलेल्या पानबाईंचा पाय चपलेसकट गाडीच्या तळातून आरपार खाली गेला. ड्रायव्हर झुलालने कचकन ब्रेक दाबला म्हणून निभावलं, नाहीतर रस्त्याने पायाची सालं काढली असती. पोटरीवर पत्रा लागून रक्त आलं होतं. चप्पल मागे कुठेतरी राहिली होती. झुलाल ती आणायला पळाला.

तो परत आला तेव्हा पानबाई जखमेवर पदराचं टोक दाबून बसल्या होत्या. धुळ्याला लेकीकडे जायचं रद्द झालं. गाडी जळगावला परत फिरली. ती दारात लागल्यावर पानबाई खाली उतरता उतरता म्हणाल्या, "दर वर्षी खालून डांबर मारतोस ना तू? मग माझा पाय कशातून गेला?"

झुलाल वाकून गाडीखाली बघू लागला. एरवी उत्तराला तो कधी कमी पडायचा नाही. मेहरूणला तो राहायचा त्या गल्लीत त्याचं तोंड सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारणीची कोंबडी अंगणात आली तरी तो तिच्या सात पिढ्या काढायचा. लोक त्याला रामराम घालायचे तोही चालता चालता, थांबून नाही.

त्याला जीव लावायला जगात एकच वस्तू होती, ती म्हणजे ही गाडी. मिश्रीलालशेठनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधी घेतलेली, विलायती, काळ्या रंगाची. शेठ वारले, त्यांच्या विधवेने, पानबाईंनी, ती विकली नाही आणि झुलाललाही काढलं नाही. पावसाळा सरला की झुलाल सडकेच्या कामावरून डांबर मागून आणायचा, चुलीवर पातळ करायचा आणि गाडीखाली उताणा पडून हाताने थापायचा. शेठ हयात असताना पाहुण्यांना सांगायचे, "खाली हात लावून बघा, हत्तीचं कातडं आहे." ते वाक्य झुलाल अजून गल्लीत लोकांना ऐकवायचा.

गावातल्या गॅरेजवाल्यांनी गाडी खालून बघितली आणि हात झटकले. एवढा पत्रा कुठे जोडत बसायचा, भंगारात घाला म्हणाले. तेव्हा कोणीतरी पानबाईंना सांगितलं, की भुसावळच्या रेल्वे कारखान्यात डब्यांचे पत्रे बसवणारा एक कारागीर नोकरी सोडून नेरी नाक्यापाशी शेड टाकून बसलाय, त्याच्यासारखा पत्र्याचा हात जिल्ह्यात नाही. नथ्थू त्याचं नाव.

"त्याच्याकडे गाडी जाणार नाही," झुलाल म्हणाला.

"का?"

"माझ्या बहिणीला त्याने टाकलीय."

हे खरं होतं. शेवंताबाईला मूल झालं नाही म्हणून नथ्थूने दुसरी बायको घरात आणली आणि हिला नेसत्या लुगड्यानिशी एस.टी.त बसवून दिलं. तेव्हापासून ती झुलालच्या घरी होती. नथ्थूचा उल्लेख झाला तर झुलाल पुढचं ताट लाथाडायचा. एकदा बाजारात त्याने नथ्थूच्या अंगावर वहाण फेकली होती आणि ती एका भाजीवाल्याला लागली होती.

पानबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भांडण तुझं, गाडी माझी. उद्या घेऊन जायची. आणि काम संपेपर्यंत तू तिथून हलायचं नाही. पार्ट काढून घेतील मेले."

दुसऱ्या दिवशी झुलाल गाडी घेऊन गेला. नथ्थू शेडच्या दारात विडी ओढत उभा होता. वाळका, उंच, एका भुवईत वेल्डिंगचा डाग. त्याने गाडी पाहिली, मग झुलालच्या पायातल्या वहाणांकडे पाहिलं.

"गाडी लिसन उना का वहाण लिसन उना?"

"शेठाणीनं धाडं म्हनून उनू. नहीतर तुना उंबरावर थुकतू बी नही."

"मंग थुकू नको. खड्डावर लाव गाडी."

एवढ्यावर काम सुरू झालं. गाडी खड्ड्यावर उभी केली, नथ्थू खाली उतरला आणि झुलाल वर स्टुलावर पहारा देत बसला. खालून छिन्नी-हातोड्याचे ठोके येत राहिले. डांबराचे तुकडे खड्ड्यात पडत होते आणि झुलालच्या काळजाला घरं पडत होती. शेवटी त्याला बसवेना. तोही खाली उतरला.

"मनं डांबर फोडस काय रे?"

नथ्थू मागे सरकला. मागच्या सीटखालच्या भागात त्याने छिन्नी घातली आणि पिरगळली. डांबराचा तळहाताएवढा खपला सुटून आला. आतल्या बाजूला गंजाचे पापुद्रे होते, एकावर एक, पापडासारखे. आणि ते ओले होते. फाल्गुनाची उन्हं तापत होती, पाऊस जाऊन महिने झाले होते, तरी ते ओले होते.

"हाई देख. मातीवर डांबर थाप्यं तू. धुयं नही, घासं नही. आनि हाई देख," त्याने दाराखालच्या कडेवर बोट टेकवलं, "पानी बाहेर जावानी भोकं व्हतीत. तू बुजी टाकीत. पानी जाई कोठे? गाडी वरथून सडनी नही रे, तुनं डांबर सडाडी राहिनं."

झुलालने त्याची गचांडी धरली. त्या अरुंद खड्ड्यात दोघांना नीट उभंही राहता येत नव्हतं. नथ्थूचं डोकं सायलेन्सरवर आपटलं. त्याने हातातली छिन्नी झुलालच्या पोटाला लावली, टोचली नाही, नुसती लावली.

"सोड. मारी टाकसू."

झुलालने सोडलं. ते काही भीतीने नव्हे. ती भोकं त्याच्या डोळ्यासमोर होती. त्यातून पाणी आत शिरेल असं वाटून त्यानेच, दर वर्षी, बोटाने चेपून चेपून ती बुजवली होती. पानबाईंच्या पोटरीतून आलेलं रक्त कोणाच्या माथी होतं ते त्याला कळलं. पण कळलं हे नथ्थूला कळू द्यायचं नव्हतं. तो वर आला, तारेचा ब्रश उचलला, पुन्हा खाली उतरला आणि पुढच्या टोकाकडून गंज घासायला लागला. नथ्थू मागच्या टोकाकडून.

तसे ते दिवसचे दिवस काम करत राहिले. घासलेटने धुतलं, पत्रा पांढरा निघेपर्यंत घासलं, कुजलेला भाग कापून टाकला. नथ्थूने नवा पत्रा ठोकून बेताचा केला आणि गॅसने जोडला. बोलणं शिव्यांपुरतं. पाण्याचे माठही दोन वेगळे होते. झुलालने स्वतःचा घरून आणला होता.

घरी त्याने हे काम कोणाकडे चाललंय ते सांगितलं नव्हतं. पण अशा गोष्टी गल्लीतल्या बायका सांगतातच. एका दुपारी शेवंताबाई स्वतः शेडच्या दारात येऊन उभी राहिली. दोघंही रेड ऑक्साईडने कोपरापर्यंत लाल झाले होते.

"तू आठे कसाले उनी?" झुलाल ओरडला. "घर जाय!"

तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नथ्थूला म्हणाली, "मनी मशीन कोठे शे?"

नथ्थू गोंधळला. "कोनती मशीन?"

"शिवानी. मना बापनी दिन्ही व्हती लगीनमा. ती बी तुनी नवी बायकोले दिन्ही का?"

नथ्थू खाली पाहू लागला. "घर शे."

"धाडी दे," ती म्हणाली. "माले तू नको, मशीन पाहिजे." आणि आली तशी गेली.

झुलाल घरी गेला तो पेटूनच. त्या हलकटाच्या घरातली वस्तू माझ्या दारात येणार नाही, आली तर रस्त्यावर फेकीन, म्हणाला. शेवंताबाई भाकरी थापत होती. ती थांबली.

"इतला वरीस तू मनासाठे भांडना. त्याले वहाण मारी. माले कधी इचारं का, तुले काय पाहिजे?"

झुलाल त्या रात्री जेवला नाही. पण मशीन फेकलीही नाही. नथ्थूने ती हातगाडीवर पाठवली, सुया आणि तेलाच्या कुपीसकट, स्वच्छ पुसून. त्यावर झुलाल म्हणाला, "चोर माल परत करस तं पुसीसन करस." शेवंताबाईने ती ओटीवर मांडली आणि महिन्याभरात गल्लीतल्या पोलक्यांचं काम तिच्याकडे येऊ लागलं. भाऊ-बहीण एका घरात राहून बरेच दिवस एकमेकांशी बोलले नाहीत.

गाडी परत आली. पानबाईंनी मागच्या सीटसमोर पाय आपटून पाहिला आणि फक्त "हं" म्हणाल्या. त्यानंतर झुलालने डांबर आणलं नाही. पावसाळ्यात दर आठवड्याला तो मडगार्डमधली काळी माती बादलीभर पाण्याने धुऊन काढायचा, काडीने भोकं मोकळी करायचा, आणि दिवाळीच्या सुमाराला गाडी उन्हात वाळवून, जिथे रंग उडाला असेल तिथे घासून रेड ऑक्साईड लावायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, माझी पद्धत आहे.

नथ्थू चार-पाच वर्षांनी काविळीने गेला. झुलाल त्याच्या दारात गेला नाही. शेवंताबाई गेली. आली, डोक्यावरून पाणी घेतलं आणि मशीनवर बसली. झुलालने विचारलं, "रडनी का?" ती म्हणाली, "नही." मग सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "त्यानी दुसरी बायको रडे. माले तिनी दया उनी."

आणीबाणी उठली त्या वर्षी पानबाई गेल्या आणि त्यांच्या जावयाने गाडी विकायला काढली. धुळ्याहून भाईदास नावाचे गृहस्थ आले, त्यांना जुन्या गाड्यांचा नाद होता. त्यांनी इंजिन पाहिलंच नाही आधी. सतरंजी टाकून थेट गाडीखाली गेले आणि बराच वेळ बॅटरी मारत पडून राहिले. बाहेर आले ते कपडे झटकत.

"या वयाच्या गाडीचा तळ असा मी पाहिलेला नाही. कोणी केलंय काम?"

"मी," झुलाल म्हणाला.

भाईदास गाडीभोवती फिरून दारं उघडू-लावू लागले. झुलाल तिथेच उभा होता. त्याचा जबडा हलत होता, जणू काही कडू चावतोय.

"आणखी एक जण होता," तो एकदम म्हणाला. "हलकट माणूस होता. पत्रा त्याने जोडलाय."